ब्रिटिश पोस्ट-पंक: प्रोड्यूसर बाजूला काढला तर सर्वांत भारी बँड कोणता?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

पोस्ट-पंकचा (पंकनंतर सत्तरच्या दशकाअखेर आलेल्या रॉकचा) विषय निघाला की गाडी पाच मिनिटांत जॉय डिव्हिजनच्या 'अननोन प्लेझर्स'वर येऊन थांबते. ड्रम्सचा तो सुटा सुटा आवाज, ती थंड पोकळी, लांबून येणारा गळा. पण यातलं बरंचसं वर्णन बँडचं नाही, प्रोड्यूसर मार्टिन हॅनेटचं आहे. एप्रिल १९७९मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने ड्रमर स्टीफन मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला, त्यावर एएमएस कंपनीचा डिजिटल डिले (आवाज क्षणभराने पुन्हा वाजवणारं यंत्र) चढवला, स्टुडिओतल्या लिफ्टचा आवाज 'इनसाइट'मध्ये घातला आणि त्याच गाण्यातला गायक इयन कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेवरून घेतला. बेसवाला पीटर हुक आणि गिटारवाला बर्नार्ड समनर या दोघांना तो साउंड तेव्हा अजिबात पटला नव्हता. त्यांना आपण मंचावर वाजतो तसं, अंगावर येणारं हवं होतं.

म्हणून एक कसोटी सुचवतो. रेडिओ निवेदक जॉन पीलच्या बीबीसी कार्यक्रमासाठी बँड मेडा व्हेल स्टुडिओत जाऊन एका दिवसात बहुधा चार गाणी रेकॉर्ड करत आणि त्याच दिवशी मिक्सही होई. हेच ते 'पील सेशन'. बँडचा नेहमीचा प्रोड्यूसर तिथे नसे, बीबीसीची माणसं असत. ओव्हरडब (आधीच्या रेकॉर्डिंगवर नवं वाजवून चढवणं) करता येत, पण घड्याळ डोक्यावर. म्हणजे अल्बम आणि सेशन शेजारी शेजारी ठेवले की जे दोन्हीकडे टिकतं ते बँडचं, जे फक्त अल्बमवर आहे ते स्टुडिओचं.

ऐकताना एवढं करा:

आवाजाची पातळी आधी सारखी करा. जे मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं आणि तुलना तिथेच फसते. ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅक टाकून लाउडनेस नॉर्मलायझेशन −२३ एलयूएफएसवर (हे आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) लावलं की झालं. मग एकदा २०० हर्ट्झवर लो-पास फिल्टर लावून फक्त खालचा भाग ऐका, बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांना धरून आहेत का ते लगेच कळतं. दुसऱ्यांदा फिल्टर काढून. फोनच्या स्पीकरवर हा उद्योग करू नका, बेसचा पाया त्यात येतच नाही आणि या संगीतात तर बेसच पुढे असतो.

या कसोटीवर माझं मत गँग ऑफ फोरला. 'अ‍ॅट होम ही'ज अ टूरिस्ट' आणि 'रिटर्न द गिफ्ट' जानेवारी १९७९च्या सेशनमध्ये ऐका आणि मग त्याच वर्षीच्या 'एंटरटेनमेंट!'वर ऐका. फरक नगण्य. म्हणजे तो साउंड त्या चौघांच्या हातातच होता.

यॉर्कशायरकर

गँग ऑफ फोरला अनुमोदन. त्यामागचं तंत्रही सांगतो, कारण त्यांची नक्कल करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात.

त्यांच्या गिटारवाल्या अँडी गिलला व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा ऊबदारपणा नको होता. तो ट्रान्झिस्टरवाले अ‍ॅम्प वापरायचा, कारण त्यात सूर गोलावत नाही, कडक आणि कोरडा राहतो. रिव्हर्ब नाही. डिस्टॉर्शनही जवळजवळ नाही. आता घरी करून बघायचं असेल तर: ब्रिज पिकअप, ट्रेबल चढवलेला, बास निम्म्याच्या खाली, गेन (सूर किती फाटावा ते ठरवणारा नॉब) इतका कमी की जोरात मारलं तरच सूर किंचित फाटावा. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवायची आणि उजवा हात मात्रेच्या पाव-पाव भागावर (सिक्स्टीन्थ नोट्स) सतत हलता ठेवायचा. सूर हवा तेव्हाच डावा हात दाबायचा. तीन-चार तारांचे तुकडेच वाजवायचे, सहाही तारांची भरगच्च कॉर्ड नको.

चूक होते ती गेनमध्ये. गेन वाढवला की कॉम्प्रेशन येतं. मग हलका आणि जोरकस आघात एकाच उंचीचे होतात आणि मधली शांतता भरून जाते. ती शांतता भरली की ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम्स आणि डेव्ह अ‍ॅलनचा बेस यांना उभं राहायला जागा उरत नाही. या बँडमध्ये गिटार हे तालवाद्य आहे आणि गाण्याची चाल बेसकडे आहे, हे डोक्यात ठेवूनच वाजवावं लागतं.

'अँथ्रॅक्स' मात्र हेडफोनवरच ऐका. सुरुवातीचा लांबलचक फीडबॅक संपला की जॉन किंग एका बाजूला गातो आणि गिल दुसऱ्या बाजूला बोलतो. एकाच स्पीकरवर दोन्ही आवाज एकात एक मिसळून नुसता गलका होतो.

तबकडी

कसोटी छान आहे, पण त्यात एक मोठी गोची आहे: तारखा. स्लिट्स या बँडचं पहिलं सेशन सप्टेंबर १९७७चं, तेव्हा ड्रम्सवर पामोलिव्ह. 'कट' हा अल्बम आला सप्टेंबर १९७९मध्ये, तेव्हा ड्रम्सवर बजी. 'न्यूटाउन' दोन्हीकडे आहे आणि ती दोन वेगळीच गाणी वाटतात. सेशनमध्ये सुसाट, दणदणीत, ठेका हातातून निसटेल की काय अशा बेताने चाललेला. अल्बमवर तेच गाणं संथ, मोकळं, रेगेच्या अंगाने जाणारं, आणि प्रोड्यूसर डेनिस बॉव्हेलने काडेपेटी आणि चमच्याचे आवाज ठेक्यात गुंफलेत. यातलं किती बॉव्हेलचं, किती बजीचं, आणि किती त्या मुलींनी दोन वर्षांत केलेल्या प्रगतीचं? सेशन ऐकून हे ठरवता येणार नाही.

म्हणून दुसरी कसोटी जोडा: एकच प्रोड्यूसर, दोन बँड. बॉव्हेलने त्याच १९७९ साली ब्रिस्टलच्या 'पॉप ग्रुप' या बँडचा 'वाय' हा अल्बमही केला. स्टुडिओही तोच, रिज फार्म. पण 'वाय' चिरफाड केल्यासारखा आहे: फंकचा ठेका सुरू होतो, मध्येच कापला जातो, मार्क स्ट्युअर्टचा आवाज प्रतिध्वनीत बुडतो आणि पुन्हा वर येतो. 'कट' हवेशीर आहे, प्रत्येक वाद्याभोवती जागा आहे. प्रोड्यूसर तोच असून दोन रेकॉर्डमध्ये एवढं अंतर पडत असेल, तर ते अंतर बँडचंच म्हणायचं.

हॅनेटलाही हेच लावा. मॅगझीन या बँडचा 'द करेक्ट यूज ऑफ सोप' १९८०मध्ये त्यानेच केला. त्यात बॅरी अ‍ॅडमसनचा बेस आणि डेव्ह फॉर्म्युलाचे कीबोर्ड्स अगदी पुढ्यात आहेत, सगळं लख्ख आणि जवळचं. 'अननोन प्लेझर्स'ची पोकळी तिथे औषधालाही नाही. म्हणजे ती पोकळी हॅनेटने बाहेरून आणून ओतलेली नव्हती. जॉय डिव्हिजनच्या वाजवण्यात मुळात एवढी रिकामी जागा होती म्हणून त्याला ती दिसली.

अनाघात

तबकडी, अगदी बरोबर. जॉय डिव्हिजनच्या बाजूने आणखी एक पुरावा देतो.

त्यांची दोन सेशन्स आहेत, ३१ जानेवारी १९७९ आणि २६ नोव्हेंबर १९७९. पहिलं 'अननोन प्लेझर्स'च्या रेकॉर्डिंगच्या आधीचं, म्हणजे हॅनेटने त्या अल्बमवर हात फिरवण्यापूर्वीचं. त्यातला 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' ऐका. अल्बमवरचा तो फवाऱ्याचा फस् फस् आवाज इथे नाही, डिलेही नाही. तरीही बेसची ती वरच्या पट्टीतली ओळ, खाली टॉम्सचा (खोल आवाजाच्या ड्रम्सचा) अखंड ठेका आणि मध्ये मोकळं मैदान, हे सगळं जागच्या जागी आहे. दुसऱ्या सेशनमधला 'ट्वेंटी फोर अवर्स' तर दुसऱ्या अल्बमवरच्या, 'क्लोजर'वरच्यापेक्षा मला जास्त धारदार वाटतो.

हुकचा बेस कसा तयार झाला हेही इथे महत्त्वाचं आहे. सुरुवातीला त्याचा स्पीकर इतका फालतू होता की खालच्या तारा ऐकूच येत नसत. म्हणून तो वर सरकला. आता हे वाजवायचं झालं तर:

डी आणि जी या दोन तारांवर, साधारण सातव्या ते चौदाव्या फ्रेटमध्ये राहायचं. धून जी तारेवर, डी तार मोकळी सोडून तीही पिकने छेडत राहायची. ती जोडाच्या तारेसारखी खाली घुमत राहते आणि धून एकाकी पडत नाही. पिक पाहिजेच, बोटांनी तो दाणा येत नाही. कोरस पेडल (सूर दुहेरी आणि लहरता करणारं) पुढे आलं, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं क्लोन थिअरी. कोणतंही अ‍ॅनालॉग कोरस चालेल, पण रेट अगदी कमी आणि डेप्थ मध्यम.

काय बिघडतं: कोरस चालू ठेवून ई तारेवर उतरलात की खालचा सूर डळमळतो आणि किकशी भांडतो. खाली उतरायचं असेल तर कोरस बंद करा. आणि गिटारवाल्याला आधीच सांगा की त्याच टापूत कॉर्ड धरायच्या नाहीत. समनर बऱ्याचदा नुसते तुटक आघात देतो किंवा गप्प राहतो. दोघंही एकाच सप्तकात भरून वाजवायला लागले की बेसची धून चिखलात जाते आणि लोक दोष पेडलला देतात.

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

@अनाघात, पहिल्या सेशनचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या कसोटीला धरूनच आहे. पण मग गायक बाजूला ठेवून विचारतो: मॉरिसचे ड्रम्स सेशनमध्ये सामान्य वाटत नाहीत का? त्याची यंत्रासारखी अचूकता अल्बमवर जशी उठून दिसते तशी इथे दिसत नाही.

अनाघात

दिसते, फक्त झांजांखाली झाकली जाते. सेशनमध्ये सगळा ड्रमसेट एकदम वाजलाय, त्यामुळे सिंबलचा आवाज स्नेअरच्या (कडक आवाजाच्या मुख्य ड्रमच्या) माइकमध्ये गळतो. हॅनेटने एकेक ड्रम वेगळा घेतला तो ही गळती थांबवण्यासाठीच. गळती नसेल तरच स्नेअरवर डिले लावता येतो, नाहीतर डिलेमध्ये हाय-हॅटही दुप्पट होऊन किलबिलाट होतो.

घरी करून बघायचं असेल तर स्नेअर एकटा रेकॉर्ड करा, त्यावर २० ते ४० मिलिसेकंदांचा डिले, एकच पुनरावृत्ती, मूळ आवाजापेक्षा ६ डेसिबल खाली आणि थोडा एका बाजूला सरकवलेला. ४०च्या वर गेलात की दोन वेगळे आघात ऐकू येतात आणि ठेका लंगडतो. आणि एकेक ड्रम सुटा वाजवताना क्लिक ट्रॅक (लयीची टिकटिक) कानात हवाच. इतर हातपाय थांबलेले असले की शरीराचा झोका जातो आणि लय सरकते. क्लिकवर असं सुटं वाजवूनही ठेका जिवंत राहिला तर ड्रमर पक्का. मॉरिस याच परीक्षेला उतरला होता.

सम_विषम

पिलचं, म्हणजे पब्लिक इमेज लिमिटेडचं नाव अजून कसं आलं नाही? प्रोड्यूसर वगळायचाच असेल तर 'मेटल बॉक्स' (नोव्हेंबर १९७९) सगळ्यांच्या पुढे. बाहेरचा प्रोड्यूसरच नाही, श्रेय बँडच्याच नावावर. ठरलेला ड्रमरही नाही: 'पॉपटोन्स'वर ड्रम्स गिटारवाल्या कीथ लेव्हीनने वाजवलेत, 'करीअरिंग'वर बेसवाल्या जा वॉबलने. डिसेंबर १९७९च्या पील सेशनमध्ये हीच दोन गाणी आणि 'चँट', ड्रम्सवर मार्टिन अ‍ॅटकिन्स. माणूस बदलला तरी गाणं तसूभर हललं नाही, कारण सगळी इमारत वॉबलच्या बेसवर उभी आहे. लेव्हीन 'पॉपटोन्स'मध्ये एकच आरोही-अवरोही चक्र फिरवत राहतो, आणि बेसचा आवर्तनाचा हिशेब वेगळा वाटत असल्याने ते चक्र दरवेळी नवीन जागी पडल्यासारखं ऐकू येतं. त्यावर जॉन लायडनचा तो कण्हल्यासारखा सूर.

तबकडी, मूळ डब्याबद्दल लिहा ना.

तबकडी

मूळ 'मेटल बॉक्स' म्हणजे फिल्मच्या रिळाचा असतो तसा गोल पत्र्याचा डबा आणि आत ४५ आरपीएमच्या तीन १२ इंची तबकड्या. बाजूगणिक वेळ कमी आणि वेग जास्त, त्यामुळे खाचा रुंद आणि खोल कापता आल्या. वॉबलचा बेस त्याशिवाय मावला नसता. अल्बमची लांबी साधारण एक तास. तेवढं सगळं ३३ आरपीएमच्या एका तबकडीत कोंबलं असतं तर खर्ज छाटावा लागला असता.

तोटा असा की तबकड्या डब्यात घट्ट बसतात, मध्ये फक्त कागदाच्या चकत्या. नखाने उचकटून काढताना कडेला ओरखडे पडतात. जुना डबा विकत घेताना म्हणूनच प्रत्येक बाजूचं पहिलं गाणं वाजवून बघा, तबकडीची कड तिथेच असते. डब्याच्या आतल्या बाजूला गंज आहे का तेही पाहा. काढताना डबा तळहातावर उपडा करून तबकड्या अलगद बाहेर येऊ द्याव्यात, बोटं घालू नयेत.

ज्यांना डब्याचं आकर्षण नाही त्यांच्यासाठी १९८०चं 'सेकंड एडिशन', हेच सगळं दोन एलपींवर. गाण्यांचा क्रम वेगळा आहे आणि खर्ज थोडा आखडतो.

मधला_सा

द फॉल! पील सेशनची कसोटी लावायची आणि फॉलला विसरायचं हे चालणार नाही. १९७८ ते २००४ या काळात २४ सेशन्स. २००५मध्ये सगळी एकत्र सहा सीडींच्या संचात आली. गायक मार्क ई. स्मिथ सोडून बाकी माणसं बदलत राहिली तरी दोन मिनिटांत बँड ओळखू येतो. त्याचं बरंच श्रेय स्टीव्ह हॅन्लीच्या बेसला, तो १९७९पासून जवळजवळ वीस वर्षं होता. एक आवर्तन धरायचं आणि सहा-सहा मिनिटं सोडायचं नाही, आणि ते कंटाळवाणं होऊ द्यायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. वाजवून बघा, दुसऱ्याच मिनिटाला हात काहीतरी अलंकार घालायला जातो, आणि तिथेच फॉलपणा संपतो.

सप्टेंबर १९८०च्या सेशनमधलं 'न्यू प्युरिटन' आधी ऐका. त्या गाण्याची पूर्ण ताकदीची आवृत्ती सेशनमध्येच आहे. मग 'हेक्स एंडक्शन अवर' (१९८२): दोन ड्रमर, थोडं रेकॉर्डिंग आइसलंडमध्ये, थोडं हिचिन गावातल्या बंद पडलेल्या सिनेमागृहात. दोन ड्रमर एकत्र वाजवताना दोघांचे किक अगदी एकावर एक पडले तर दुसरा ड्रमर असून नसल्यासारखा. इथे कार्ल बर्न्स आणि पॉल हॅन्ली यांच्यात केसाएवढं अंतर राहतं आणि त्यातूनच तो जाडसर, दणकट ठेका येतो.

यॉर्कशायरकर

मधला_सा, २४ सेशन्स हा चिकाटीचा पुरावा झाला, श्रेष्ठत्वाचा नाही. त्यातली शेवटची बरीचशी मला सपाट वाटतात. पण १९८० ते ८५ या पट्ट्यात फॉलला हात लावायची कोणाची टाप नाही, हे कबूल.

मधला_सा

१९८५चा 'धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस' धरलात ना? मग माझं काही भांडण नाही.

नवश्रोता

वाचतोय. जरा मूळ प्रश्न: क्युअर, एको अँड द बनीमेन यांना यात धरायचं का? आणि बर्थडे पार्टी?

तबकडी

बर्थडे पार्टी मेलबर्नची, १९८०मध्ये लंडनला आली. ब्रिटिश यादीत नको. क्युअरचा 'सेव्हन्टीन सेकंड्स' (१९८०) आणि बनीमेनचा 'हेवन अप हिअर' (१९८१) जरूर धरा. त्यापुढचं क्युअर हा स्वतंत्र धाग्याचा विषय.

सम_विषम

या धाग्यात बायकांचं वाजवणं फक्त स्लिट्सपुरतं आलंय, ते बरोबर नाही.

सूझी अँड द बॅन्शीजचं पहिलं सेशन नोव्हेंबर १९७७चं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशी करार होण्याच्याही आधीचं. त्यात 'मिराज', 'मेटल पोस्टकार्ड' आणि 'सबर्बन रिलॅप्स' आहेत, ही तिन्ही गाणी वर्षभराने पहिल्या अल्बमवर, 'द स्क्रीम'वर आली. केनी मॉरिसचे ड्रम्स सिंबलला जवळजवळ हात न लावता टॉम्सवरच चालतात, जॉन मकेची गिटार पत्रा कापल्यासारखी. स्टीव्ह लिलीव्हाइट प्रोड्यूसर म्हणून यायच्या आधीच हे सगळं तयार होतं. खर्जप्रेमींची कसोटी या बँडला सगळ्यात स्वच्छ लागू पडते. मके आणि मॉरिस सप्टेंबर १९७९मध्ये दौरा अर्ध्यावर टाकून गेले आणि पुढे जॉन मकगीऑक आला, तो भाग निराळा. 'जूजू' (१९८१) मधली त्याची गिटार म्हणजे फ्लँजर (आवाजात लाट फिरवणारं पेडल) वापरावा कसा याचा वस्तुपाठ: रेट मंद, आणि कॉर्ड घासण्याऐवजी एकेक तार वेचून वाजवलेली. फ्लँजरखाली भरभरून स्ट्रमिंग केलं की सगळ्या तारा एकदम सुसाटतात आणि विमान उतरल्याचा भास होतो.

लीड्सच्या डेल्टा ५मध्ये तर दोन बेस होते. 'माइंड युअर ओन बिझनेस' (१९७९) लावा आणि वर दिलेला २०० हर्ट्झचा फिल्टर चालू-बंद करून बघा. एक बेस फिल्टरखाली टिकतो, दुसरा जवळजवळ गायब होतो. दोन बेस एकत्र नांदवण्याचा हाच मार्ग, दोघांनी वेगवेगळा मजला धरायचा.

अनाघात

कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सचा 'कोलोसल यूथ' (१९८०) यात बसवा. तिथे प्रोड्यूसरला काही करायला जागाच नाही. ड्रमर नाही, कॅसेटवर भरून आणलेला ड्रम मशिनचा ठेका. स्ट्युअर्ट मॉक्सहॅमची गिटार उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकवून दाबलेली, फिलिपचा बेस चाल सांगतो आणि अ‍ॅलिसन स्टॅटन कसलाही नखरा न करता गाते. दाबताना तळवा ब्रिजच्या पुढे सरकला तर सूरच मरतो, मागे गेला तर तार घुमते. जागा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. तीन वाद्यांच्या या मांडणीत एवढीशी चूकही ऐकू येते.

आणि लंडनच्या दिस हीटचा 'डिसीट' (१९८१). ब्रिक्स्टनमधल्या एका जुन्या शीतगृहात त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला होता, टेपचे तुकडे आणि बँडचं वाजवणं एकाच पातळीवर. त्यातला गॅरेथ विल्यम्स पुढे कथकली शिकायला केरळात गेला, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना सहसा माहीत नसतं.

यॉर्कशायरकर

वायर हा बँड राहिला. 'पिंक फ्लॅग' (१९७७), 'चेअर्स मिसिंग' (१९७८), '१५४' (१९७९). तिन्ही प्रोड्यूसर माइक थॉर्नसोबत, आणि अल्बमागणिक कीबोर्ड्स वाढत जातात, म्हणजे प्रोड्यूसरचा हात स्पष्ट आहे. पण '१५४' आला त्याच महिन्यात त्यांनी पीलच्या सेशनमध्ये चार गाणी न देता 'क्रेझी अबाउट लव्ह' हा पंधरा मिनिटांचा एकच तुकडा वाजवला. पहिल्या अल्बमवर २१ गाणी अवघ्या ३५ मिनिटांत बसवणारा बँड दोन वर्षांत इथवर पोचला. ही झेप थॉर्नने घेतलेली नाही.

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

सगळं वाचून माझा क्रम थोडा हलला. तबकडींची 'एक प्रोड्यूसर, दोन बँड' ही कसोटी सेशनच्या कसोटीला जोडूनच वापरायला हवी. दोन्ही लावल्यावर: गँग ऑफ फोर पहिलाच. दुसरा पिल, पण फक्त 'मेटल बॉक्स'च्या बळावर. तिसरा बॅन्शीज, ते मी आधी पहिल्या पाचातही धरले नव्हते. जॉय डिव्हिजन चौथा. अनाघात यांना हे पटणार नाही.

अनाघात

नाहीच पटत. २६ नोव्हेंबरच्या सेशनमधली 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' आणि 'कॉलनी' अजून तुमच्या हिशेबात आलेली नाहीत. ती पातळी सारखी करून ऐका, मग चौथ्या क्रमांकाबद्दल बोलू.

नवश्रोता

सुरुवात कुठून करू? एका संध्याकाळी जमेल एवढंच सांगा.

तबकडी

आधी जॉय डिव्हिजनचं जानेवारीचं सेशन, चार गाणी. लगेच 'अननोन प्लेझर्स'वरची 'इनसाइट' आणि 'शी'ज लॉस्ट कंट्रोल'. मग गँग ऑफ फोरचं जानेवारीचं सेशन आणि 'एंटरटेनमेंट!'ची पहिली बाजू. स्लिट्सची दोन्ही 'न्यूटाउन' एकापाठोपाठ. 'मेटल बॉक्स' त्या दिवशी नको. त्यातलं पहिलंच गाणं 'अल्बट्रॉस' दहा मिनिटांच्या वर आहे आणि थकलेल्या कानांना ते नुसतं लांबण वाटतं. तो दुसऱ्या दिवशी, मोठ्या स्पीकरवर, शेजारी घरी नसताना.